वायरचे रंग : आपली लाल-काळी-हिरवी आणि यंत्राची तपकिरी-निळी-हिरवीपिवळी जिथे जोडली जाते तिथे काय पाहावे?

काळीकसदार, यवतमाळ जिल्हा (धागाकर्ता)

मिक्सर, फ्रिज किंवा कूलर यांची केबल सोलून पाहिली तर आत बहुधा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन वायर निघतात. त्याच घरात मीटरपासून बोर्डापर्यंत आलेल्या वायर मात्र लाल, काळ्या आणि हिरव्या असतात. दोन्ही पद्धती आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. परंतु ज्या जोडावर त्या एकत्र येतात तिथे रंगाचा अर्थ बदलतो, आणि तो बदल ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून फेजची, म्हणजे जिवंत विजेची, वायर यंत्राच्या लोखंडी अंगाला लागू शकते. गावोगावी शेतातल्या मोटारी, पीठगिरण्या, सौरपंप आणि परदेशातून आलेली यंत्रे वाढत असताना या विषयावर मराठीत नीट लिहिलेले असावे असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढला आहे.

आधी आपल्या पद्धतीबद्दल. थ्री फेजला लाल, पिवळा आणि निळा, न्यूट्रलला (वीज परत जाण्याच्या वायरला) काळा आणि अर्थिंगला (दोषाची वीज जमिनीत नेणाऱ्या वायरला) हिरवा किंवा हिरवा-पिवळा, हे रंग आपल्या बोर्डांत आणि डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) विहिरीपर्यंतच्या केबलमध्ये रूढ आहेत. सिंगल फेजच्या घरात लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल. ही पद्धत इंग्रजांच्या राजवटीतून आलेली आहे, आणि म्हणूनच दक्षिण आफ्रिका, मलेशिया अशा त्यांच्या इतर जुन्या वसाहतींतही ती दिसते.

ब्रिटनने स्वतः मात्र ती सोडली. युरोपाशी एकसारखेपणा यावा म्हणून तिथे ३१ मार्च २००४ पासून घरांच्या आणि इमारतींच्या वायरिंगमध्ये नवे रंग वापरण्याची परवानगी मिळाली आणि मार्च २००६ नंतर तेच सक्तीचे झाले. नव्या पद्धतीत तीन फेज तपकिरी, काळा आणि करडा अशा रंगांचे असतात, न्यूट्रल निळा असतो आणि अर्थिंग हिरवे-पिवळे असते. उपकरणांच्या केबलमध्ये तपकिरी-निळ्याची जोडी त्याआधी कित्येक वर्षे होतीच. आता जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे धोका कुठे आहे ते स्पष्ट होते. जुन्या पद्धतीत, म्हणजे आपल्या आजच्या पद्धतीत, निळा हा तिसरा फेज आहे आणि नव्या पद्धतीत तोच निळा न्यूट्रल आहे. आपला काळा न्यूट्रल आहे आणि त्यांचा काळा दुसरा फेज आहे. एकाच बोर्डात दोन्ही काळातल्या वायर असतील तर त्यावर इशाऱ्याची पाटी लावण्याचा नियम ब्रिटनला करावा लागला, तो याच कारणासाठी. हाँगकाँग आणि सिंगापूर यांनीही पुढे हाच मार्ग धरला.

अमेरिकेत न्यूट्रल पांढरा किंवा करडा असतो, अर्थिंग हिरवे किंवा चक्क उघड्या तांब्याचे असते, आणि घरातले फेज रूढीने काळे व लाल असतात. म्हणजे आपल्याकडे ज्या काळ्या वायरला निर्धास्त हात लावला जातो (तोही लावू नये, ते पुढे येईलच), तीच वायर अमेरिकेत जिवंत असते. ऑस्ट्रेलियात याच्या उलट काळा न्यूट्रल आणि पांढरा मधला फेज आहे, म्हणजे पांढरा रंग एका देशात न्यूट्रलचा आणि दुसऱ्या देशात फेजचा झाला. चीनमध्ये तीन फेज पिवळा, हिरवा आणि लाल असे असतात व न्यूट्रल फिका निळा असतो. जर्मनीत तर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाल वायर अर्थिंगसाठी वापरली जात असे, आणि तिथल्या जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्यांना आजही ते ध्यानात ठेवावे लागते. यावरून एवढेच ध्यानात घ्यावे की लाल रंगाला आपण धोक्याचा रंग मानतो ती आपली सवय आहे, विजेचा तो गुण नाही.

सगळ्या गोंधळात एक जोडी मात्र जवळपास जगभर एकाच अर्थाने मान्य झाली आहे आणि ती म्हणजे हिरव्यावर पिवळा पट्टा. आंतरराष्ट्रीय मानकाने ही जोडी केवळ संरक्षक अर्थिंगसाठी राखून ठेवली आहे. माझी सर्व वायरमन बंधूंना कळकळीची विनंती आहे की गुंडाळी संपली, दुकान लांब आहे, शेतकरी घाई करतो आहे, अशा कोणत्याही कारणाने हिरवी-पिवळी वायर फेज किंवा न्यूट्रलसाठी ओढू नये. ज्या वायरवर पुढचा माणूस न तपासता विश्वास ठेवण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, तीच ही वायर आहे.

बाकी रंगांबाबत माझे मत असे आहे की जोड करताना रंगाला रंग जुळवू नये, कामाला काम जुळवावे. यंत्राच्या टर्मिनलवर एल वन, एल टू, एल थ्री (तीन फेज), एन (न्यूट्रल), पीई (अर्थिंग) ही अक्षरे किंवा अर्थिंगची खूण असते, आणि मोटारीवर यू, व्ही, डब्ल्यू ही अक्षरे असतात. ही अक्षरे रंगांएवढी देशागणिक बदलत नाहीत. आधी अक्षर वाचावे, मग मोजावे आणि सर्वांत शेवटी रंग पाहावा.

धानपट्टा, भंडारा जिल्हा

दादा, चीनच्या रंगांचा आपण केलेला उल्लेख आमच्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. भंडारा-गोंदियाकडच्या धानगिरण्यांत तांदळातला काळा दाणा वेचणारी सॉर्टेक्स यंत्रे असतात आणि त्यांतली बरीच चीनमधून येतात. मी ज्या गिरणीत देखभालीचे काम पाहतो तिथे एका यंत्रासोबतच्या जुन्या पॅनेलमध्ये पिवळी, हिरवी, लाल आणि फिकी निळी अशा चार वायर आणि शिवाय वेगळी हिरवी-पिवळी वायर होती. आमच्या मदतनीस मुलाने हिरवी वायर अर्थिंगच्या पट्टीला लावायला घेतली होती, तेवढ्यात सोबत आलेल्या आराखड्यावर नजर गेली म्हणून ती थांबवता आली. ती लावली असती तर नेमके काय झाले असते, हे मुलाला समजेल असे कोणी सांगावे. फ्यूज उडाला असता आणि विषय संपला असता, असे त्याचे म्हणणे आहे.

काळीकसदार

भाऊ, आपण आराखडा पाहिला हे फार चांगले झाले. फ्यूज उडालाच असता असे समजणे धोक्याचे आहे, आणि त्याचे कारण साध्या गुणाकार-भागाकाराने समजते.

हिरवा फेज अर्थिंगच्या पट्टीला लागला म्हणजे २३० व्होल्टचा दाब अर्थिंगच्या खड्ड्यातून, जमिनीतून डीपीच्या अर्थिंगपर्यंतच्या वाटेला मिळतो. त्या संपूर्ण वाटेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, समजा १० ओहम असेल, तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर प्रवाह वाहील. सर्किटला ३२ अँपिअरचा फ्यूज असेल तर २३ अँपिअरने तो वितळत नाही. मग तो फेज तसाच पट्टीवर राहतो, आणि त्या पट्टीला बांधलेली गिरणीतली सगळी यंत्रे, एलिव्हेटर, पॉलिशर, लोखंडी जिना, यांच्या अंगावर दाब चढतो. ज्या अर्थिंगने माणूस वाचायचा तीच व्यवस्था करंट सगळीकडे पोहोचवते.

आपल्या विदर्भात यात मातीची भर पडते. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, परंतु मे महिन्यात तिला हात घुसेल एवढ्या भेगा पडतात आणि खड्ड्यातल्या पाइपभोवतीची माती पाइपाला सोडते. त्यामुळे जुलैत मोजलेला रोध मे महिन्यात तेवढाच राहत नाही. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्याची जुनी रीत आहे, ती टाळू नये, आणि रोध मोजायचा तर उन्हाळ्यात मोजावा. मुलाला हेही सांगावे की अशा चुकीच्या वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखणारा स्विच) असेल तर तो फ्यूजची वाट न पाहता पुरवठा तोडतो, कारण जमिनीकडे गळणारा थोडा प्रवाहही त्याला पुरतो.

चीनमधली सगळी यंत्रे त्यांच्या देशांतर्गत रंगांत येतात असे नाही. निर्यातीसाठी बनवलेल्या कित्येक यंत्रांत सरसकट काळ्या वायर असून त्यांवर फक्त आकडे छापलेले असतात. माझ्या मते ती पद्धत जास्त सुरक्षित आहे, कारण ती माणसाला आराखडा उघडायला भाग पाडते.

संत्राबाग, वरुड

माझा प्रश्न बोअरच्या सिंगल फेज मोटारीचा आहे. वर येणाऱ्या चपट्या केबलमध्ये लाल, पिवळी आणि निळी अशा तीन वायर असतात, परंतु पुरवठा तर सिंगल फेजचा आहे, मग तीन फेजचे रंग कशासाठी? शिवाय एका मोटारीसोबतच्या कागदावर एक रंग स्टार्टिंगचा सांगितला होता आणि शेजाऱ्याच्या दुसऱ्या बनावटीच्या मोटारीवर वेगळाच. पॅनेल बदलताना कशावर विश्वास ठेवावा?

वीजतंत्री_वणी

नमस्कार भाऊ. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसाय शिकवतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

बाजारात तयार मिळणारी चपटी केबल लाल-पिवळ्या-निळ्या रंगांतच सर्रास मिळते, म्हणून सिंगल फेज मोटारीलाही तीच जोडतात. तिथे त्या रंगांचा फेजशी काही संबंध नसतो. तीन वायरपैकी एक रनिंग वाइंडिंगची (मोटार चालती ठेवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची), एक स्टार्टिंग वाइंडिंगची (मोटार सुरू करणाऱ्या वेटोळ्याची) आणि एक दोन्हींची कॉमन असते, आणि कोणता रंग कशाचा हे बनावटीप्रमाणे बदलू शकते. त्यातच बोअरमध्ये मोटार सोडताना खाली जोड मारला असेल तर वरचा रंग आणि खालचा रंग एकच असेल याची खात्री देता येत नाही. मोटारीसोबतचा कागद हरवला असेल तर मल्टिमीटर घ्यावा.

मेन स्विच बंद करून, पॅनेलपासून तिन्ही वायर पूर्ण सोडवून, दोन-दोन वायरमधला रोध तीनदा मोजावा. उदाहरणादाखल समजा लाल-निळ्यात १३ ओहम, लाल-पिवळ्यात ९ ओहम आणि पिवळ्या-निळ्यात ४ ओहम आले. सर्वांत मोठा आकडा ज्या दोन वायरमध्ये येतो त्या स्टार्टिंग आणि रनिंग असतात, कारण तिथे दोन्ही वाइंडिंग एकापुढे एक मोजली जातात. पाहा, ९ आणि ४ मिळून १३ होतात. म्हणून उरलेली पिवळी कॉमन. कॉमनपासून कमी रोध दाखवणारी निळी रनिंग, कारण तिची तार जाड असते, आणि जास्त रोध दाखवणारी लाल स्टार्टिंग. मोठ्या आकड्याची बेरीज जुळली नाही तर केबलमध्ये किंवा वाइंडिंगमध्ये दोष आहे असे समजून पुढे जाऊ नये.

थ्री फेज मोटारीत हा प्रकार नसतो, तिथे तिन्ही जोड्यांचा रोध सारखा यायला हवा. तिथे फेजचा क्रम पाहावा लागतो. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. पिठाच्या गिरणीत किंवा थ्रेशरमध्ये ते डोळ्यांनी दिसते, परंतु बोअरमधला पंप उलटा फिरताना दिसत नाही, तो पाणीही थोडेफार फेकतो, आणि शेतकऱ्याला वाटते की बोअरचे पाणी कमी झाले. डीपीवर किंवा लाइनवर काम झाल्यानंतर पाण्याची धार अचानक मंदावली तर बोअर खोल करण्याचा खर्च मनात आणण्याआधी स्टार्टरवर दोन फेज बदलून धार पाहावी.

मूळ लेखात हिरव्या-पिवळ्या वायरचा मुद्दा आला आहे, त्यात एक भर घालतो, कारण माझ्या वर्गातल्या काही मुलांना लाल आणि हिरव्यातला फरक ओळखता येत नाही आणि हे त्यांना स्वतःलाही प्रात्यक्षिकाच्या टेबलावर येईपर्यंत माहीत नसते. जुन्या पद्धतीत लाल फेज आणि हिरवे अर्थिंग अशी जोडी असल्याने अशा मुलाच्या हातून जीवघेणी चूक होऊ शकते. दोन रंगांच्या पट्ट्यांत उजळपणाचा फरक असतो, म्हणून रंग नीट कळला नाही तरी पट्टा दिसतो. मानकात हेही ठरवून दिलेले आहे की हिरव्या-पिवळ्या वायरच्या कोणत्याही १५ मिलिमीटर लांबीत दोहोंपैकी एका रंगाने किमान ३० आणि कमाल ७० टक्के पृष्ठभाग व्यापलेला असावा, म्हणजे वायर कुठेही कापली तरी दोन्ही रंग दिसतात. म्हणून नव्या कामात नुसती हिरवी वायर न घेता पट्ट्याचीच घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

अंगणतुळस, दारव्हा

सर, आमचे घर जुने आहे आणि त्यात पूर्वी कधीतरी एकाच लाल गुंडाळीतून सगळे वायरिंग झालेले आहे. फेजही लाल आणि न्यूट्रलही लाल. माझे सासरे टेस्टर लावून ओळखतात आणि ज्या वायरवर दिवा लागत नाही ती न्यूट्रल समजतात. घरात लहान मुले आहेत, म्हणून विचारते की सगळे वायरिंग उखडून नवे करणे भागच आहे का, आणि टेस्टरची ही रीत पुरेशी आहे का?

वीजतंत्री_वणी

ताई, आधी टेस्टरबद्दल सांगतो. टेस्टरचा दिवा लागला तर त्या वायरवर दाब आहे एवढे कळते, परंतु दिवा लागला नाही म्हणजे ती वायर न्यूट्रल आहे असे सिद्ध होत नाही. ती तुटलेली फेजही असू शकते, किंवा त्या क्षणी वीज गेलेली असू शकते. याच्या उलट, न्यूट्रल मागे कुठे तुटला असेल आणि पुढे बल्ब चालू स्थितीत असेल तर त्या बल्बमधून आलेल्या दाबाने न्यूट्रलवरही टेस्टर पेटतो. तुमच्या सासऱ्यांना माझ्या वतीने एवढेच सांगावे की टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून तो पेटतो हे पाहावे, मग तपासायच्या वायरला लावावा, आणि पक्के ठरवायचे तर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंग असे तीन दाब मल्टिमीटरने मोजावेत. पहिले दोन २३० च्या आसपास आणि तिसरा अगदी थोडा असेल तर जोडणी योग्य आहे.

आता वायरिंगबद्दल. वायरचे आवरण कडक होऊन तडकले नसेल तर केवळ रंगासाठी सगळे उखडावे असे मी म्हणणार नाही. परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक बोर्ड उघडून घ्यावा, न्यूट्रल ठरलेल्या वायरच्या दोन्ही टोकांना काळी टेप किंवा काळी नळी चढवून घ्यावी, आणि प्रत्येक स्विच फेजवरच आहे ना ते पाहून घ्यावे. सगळ्या वायर एकाच रंगाच्या असलेल्या घरात स्विच न्यूट्रलवर गेलेला असण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो. सॉकेटमध्ये समोरून पाहताना वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असते, तेही जुळवून घ्यावे. अर्थिंगची वायर मुळातच ओढलेली नसेल, आणि जुन्या घरांत ती बहुधा नसते, तर तो खर्च मात्र टाळू नये, आणि मेन स्विचशेजारी आरसीसीबी बसवून घ्यावा.

धुऱ्यावरून, आर्णी

माझ्या शेतात सौरपंप बसला आहे. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत लाल आणि काळी अशा दोन वायर आहेत, आणि कंट्रोलरपासून बोअरमध्ये लाल, पिवळी, निळी. काळी वायर न्यूट्रल आहे असे समजून माझ्या सालदाराने तिचा उंदराने कुरतडलेला भाग भर दुपारी हातानेच टेप करायला घेतला होता. मी त्याला थांबवले, परंतु कारण मला नीट सांगता आले नाही.

काळीकसदार

भाऊ, आपण थांबवले ते अगदी योग्य केले. पॅनेलकडची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, असते, तिथे लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण. काळीचा तिथे न्यूट्रलशी काहीही संबंध नाही. शेतपंपाचे बरेच पॅनेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे दोन वायरमध्ये कित्येकशे व्होल्टचा दाब असू शकतो, आणि जोवर ऊन आहे तोवर कंट्रोलरचा स्विच बंद केला तरी स्विचच्या पॅनेलकडच्या भागात तो दाब कायम राहतो. डीसीचा धक्का तर वाईट असतोच, शिवाय चालू भारावर जोड ओढून काढला तर ठिणगीची ज्वाळा तशीच पेटती राहते, कारण आपल्या घरगुती एसी विजेप्रमाणे हा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येत नाही.

कुरतडलेल्या वायरवर नुसती टेप मारू नये. कंट्रोलर बंद करावा, डीसी स्विच उतरवावा, आणि पंप पुरवणाऱ्या संस्थेच्या तंत्रज्ञाला बोलावून उन्हाला टिकणाऱ्या सौर केबलचाच तुकडा योग्य कनेक्टरने बदलून घ्यावा. तोवर सालदाराला आणि घरातल्या सर्वांना त्या वायरपासून आणि पॅनेलच्या खांबांपासून दूर राहायला सांगावे. कंट्रोलरच्या पेटीवर आतल्या बाजूने ठळक अक्षरांत एक चिठ्ठी डकवून घ्यावी : "पॅनेलकडील लाल धन, काळी ऋण, दोन्हींत दिवसा करंट. बोअरकडील लाल, पिवळी, निळी तिन्ही फेज. न्यूट्रल नाही." पुढच्या वेळी पेटी उघडणारा माणूस आपण नसू, म्हणून ही चिठ्ठी मराठीत आणि खोडता न येणाऱ्या शाईने लिहिलेली असावी.

धानपट्टा

अशीच चिठ्ठी मी गिरणीतल्या पॅनेलच्या दारावरही लावतो. एका ओळीत चीनचे रंग, दुसऱ्या ओळीत आमच्या मेन बोर्डाचे रंग आणि मधे एल वन, एल टू, एल थ्री, एन, पीई ही अक्षरे. हिरव्यासमोर "हा फेज आहे" असे लाल शाईने लिहीन, आणि यंत्रातल्या हिरव्या वायरच्या दोन्ही टोकांना आमच्याकडचीच पिवळी नळी चढवून घेईन.

काळीकसदार

भाऊ, नळी चढवताना एक गोष्ट पाहावी. यंत्रात पहिला फेजही पिवळाच आहे, म्हणून हिरव्यावर पिवळी नळी चढवली तर दोन पिवळ्या होतील. पहिल्या फेजला लाल, हिरव्याला पिवळी आणि चीनच्या लाल वायरला निळी अशा तिन्ही नळ्या एकदम चढवाव्यात, आणि फिक्या निळ्या न्यूट्रलला काळी. चारही पूर्ण झाल्याखेरीज पुरवठा सुरू करू नये.